बंद दाराआडची ढास : आइसलँडच्या घोड्यांची 2010 ची साथ

आइसलँडमध्ये बाहेरचा घोडा आणता येत नाही. विकत घेऊन नाही, भेट म्हणून नाही, स्पर्धेपुरता चार दिवसही नाही. तिथला घोडा एकदा देशाबाहेर गेला की त्यालाही परत येता येत नाही. युरोपात भरणाऱ्या जागतिक स्पर्धेला आइसलँडचे स्वार आपला घोडा घेऊन निघतात, तेव्हाच त्याचा निरोप घेतलेला असतो. स्पर्धा संपली की घोडा तिकडेच विकायचा आणि स्वाराने एकट्याने घरी यायचे. पहिला आलेल्या घोड्यालाही यातून सूट नाही. अल्थिंग या त्यांच्या लोकसभेने 982 साली ही बंदी घातली असे परंपरेने सांगतात. म्हणजे नियम हजार वर्षांहून जुना आहे, आणि तो आजही तितक्याच कसोशीने पाळला जातो.

तरीही 2010 च्या उन्हाळ्यापर्यंत त्या देशातला जवळजवळ प्रत्येक कळप खोकून गेला होता.

या साथीत घोडे फारसे दगावले नाहीत, त्यामुळे बाहेरच्या जगाने तिची दखल फार थोडी घेतली. मला मात्र ती घोड्यांच्या साथींमधली फार मोलाची साथ वाटते. एकतर ती एका अख्ख्या देशात मागे जाऊन शोधता आली. आणि दुसरे म्हणजे, वेशीवरचा पहारा कितीही कडक असला तरी वेशीच्या आत घोडे कसे फिरतात, कुठे एकत्र येतात, कुठले पाणी वाटून घेतात, याकडे लक्ष नसेल तर काय होते ते तिच्यात स्पष्ट दिसते.

घोडा आणि त्याचे वर्ष

आधी हा घोडा समजून घ्यायला हवा. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वे आणि ब्रिटिश बेटांकडून वसाहतवाले आले, त्यांच्या होड्यांतून हे घोडे आले. अंगाने बुटका, खांद्याशी 130 ते 145 सेंटिमीटर, दाट आयाळ, हिवाळ्यात अंगभर जाड लोकर. परक्या माणसाने त्याला तट्टू म्हटले की तिथल्या माणसाला ते लागते, आणि ते योग्यच आहे. मोठ्या माणसाला पाठीवर घेऊन हा घोडा दिवसभर डोंगरदऱ्या तुडवतो. त्याला चालणे, दुडकणे आणि चौखूर उधळणे तर येतेच, शिवाय दोन वेगळ्या चाली येतात. एक टोल्ट : एका वेळी एक-दोन पाय जमिनीला टेकलेले, पाठ इतकी स्थिर की स्वाराच्या हातातला भरलेला पेला हिंदकळत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत रेवाल चालीच्या घोड्याभोवती गर्दी का होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला टोल्टचे कौतुक वेगळे सांगायला नको. दुसरी स्केइद : एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत जाणारी शर्यतीची भन्नाट चाल. ती सगळ्याच घोड्यांना येत नाही.

2010 मध्ये देशात सुमारे 77,000 घोडे होते आणि माणसे सव्वातीन लाखांच्या आत. म्हणजे चार माणसांमागे एक घोडा. त्यांतले बरेचसे, विशेषतः घोड्या आणि शिंगरे, बारा महिने उघड्यावर कळपाने राहतात. शिंगरे मे-जूनमध्ये जन्मतात. उन्हाळ्यात कितीतरी कळप माळावर, डोंगरात मोकळे सोडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्या पंचक्रोशीतली माणसे घोड्यांवर बसून त्यांना हाकून खाली आणतात आणि गोल कोंडवाड्यात मालकवार वेगळे करतात. उत्तरेकडच्या स्कागाफ्योर्दुर भागातला लाउफ्स्कालारेत्त हा असा मेळा सप्टेंबरअखेर भरतो. तिथे घोड्यांबरोबर माणसांचीही गर्दी जमते आणि रात्री गाणी होतात.

सवारीच्या घोड्यांचे वर्ष वेगळे. ऐन हिवाळ्यात त्यांना माळावरून आणून पागेत बांधतात, नाल ठोकतात, खरारा करतात, शिकवायला सुरुवात होते. रेक्याविकच्या कडेला तर पागांची वस्तीच आहे, रांगेने बांधलेली, एका छपराखाली अनेक मालकांचे घोडे. काही घोडे नामांकित शिक्षकांकडे महिना-दोन महिने ठेवायला पाठवतात. मग वसंतात पैदाशीच्या घोड्यांची परीक्षा, गावोगावच्या स्पर्धा, आणि सगळ्यांच्या शेवटी लांद्समोत. 1950 साली थिंगवेलिरच्या मैदानावर पहिल्यांदा भरलेला हा राष्ट्रीय मेळावा या लोकांसाठी वारीसारखा आहे. दर दोन वर्षांनी देशातले उत्तम घोडे तिथे एका मैदानात येतात आणि परदेशातूनही हजारो लोक बघायला जातात.

हे सगळे तपशील आजाराच्या कथेत पुढे लागणार आहेत. हिवाळाभर बंद पागा, शिक्षकांकडे येणे-जाणे, वसंतात गावोगाव प्रवास : साथ याच वाटांनी गेली.

कोरी पाटी

जगभर घोड्यांना होणारा इन्फ्लुएन्झा आइसलँडमध्ये नाही. शिंगरांच्या घशाखाली गळवे आणणारा स्ट्रँगल्सही नाही. हे हजार वर्षांच्या बंद दाराचे देणे आहे आणि ते फार मोठे आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे : जो आजार कधी आलाच नाही, त्याच्याशी लढायची सवय या घोड्यांच्या शरीराला नाही. सारंगखेड्यात परप्रांतांतले घोडे महिनाभर शेजारी-शेजारी ठाणावर बांधलेले असतात. त्यांच्यात आजारांची देवाणघेवाण होते आणि त्याबरोबर थोडीफार प्रतिकारशक्तीही बनत जाते. आइसलँडच्या घोड्याच्या वाट्याला यातले काहीच नाही.

याची चुणूक 1998 मध्ये मिळाली होती. रेक्याविकच्या आसपास घोड्यांना ताप येऊ लागला, चारा सुटला, आणि बघता बघता तो ताप देशभर फिरला. त्यानंतर वापरलेल्या सामानाबद्दल आणि प्रवाशांच्या कपड्यांबद्दल अधिक कडक बोलले जाऊ लागले. निर्यात झालेल्या घोड्यांतही हा कोरेपणा दिसतो. आइसलँडमध्ये पूर्वी न आढळणाऱ्या बारीक चावऱ्या माश्या युरोपात त्यांना चावतात आणि त्यांतल्या पुष्कळांना असह्य खाज सुटते, आयाळ आणि शेपटी घासून घासून कातडी सोलवटते. परदेशात जन्मलेल्या त्याच जातीच्या शिंगरांना हा त्रास कितीतरी कमी होतो, कारण त्यांची त्या माशीशी ओळख लहानपणीच झालेली असते.

एप्रिल 2010

एप्रिलमध्ये पागांमधून खोकण्याचे आवाज येऊ लागले. कोरडी ढास, विशेषतः घोडा चालवायला घेतला की. नाकातून आधी पातळ आणि मग दाट पांढरट-पिवळा स्राव. 1998 सारखा ताप हे इथे मुख्य लक्षण नव्हते, घोडे चारा खात होते. म्हणून पहिल्या दिवसांत बऱ्याच जणांना हे सर्दीपडसे वाटले असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

नेमका तोच महिना ज्वालामुखीचा होता. 14 एप्रिलला एयाफ्यात्लायोकुल फुटला, युरोपातली विमाने जमिनीवर बसली, आणि आइसलँडच्या दक्षिणेकडच्या शेतांवर राख पडू लागली. जनावरे आत घ्यावी लागली. जगाचे कॅमेरे राखेच्या ढगावर होते आणि ढगाखालच्या पागांमध्ये एक दुसरेच संकट पसरत होते.

मला या आजाराची सगळ्यात घातक गोष्ट त्याचा खोकला वाटत नाही. त्याचा संथपणा घातक होता. लागण झाल्यावर दोन ते चार आठवडे घोड्यात काहीही दिसत नव्हते. म्हणजे मालक आपला घोडा शिक्षकाकडून घरी आणतो, तो टवटवीत आहे, त्याला इतर घोड्यांत सोडतो, मधल्या काळात एक-दोन स्पर्धा होतात, शेजारची घोडी फळवायला येते, आणि मग एके दिवशी पहिला खोकला ऐकू येतो. तोवर त्या एका पागेतून धागे दहा दिशांना गेलेले असतात. इन्फ्लुएन्झासारखा दोन दिवसांत आडवा पाडणारा आजार निदान ओरडून सांगतो तरी; हा आजार न बोलता पुढे सरकत राहिला. एकदा सुरू झालेली ढास आठवडेच्या आठवडे जात नसे, त्यामुळे एकेक घोडा फार काळ इतरांना लागण देत राही.

निर्णय घ्यावे लागले आणि ते जड होते. देशाने स्वतःहून घोड्यांची निर्यात थांबवली. खोकणाऱ्या घोड्यावर बसू नका, त्याला पूर्ण विश्रांती द्या, असे पशुवैद्य सांगू लागले, कारण सुजलेल्या श्वासनलिकेने पळवलेला घोडा कायमचा धापेकरी होऊ शकतो. ऐन मोसमात शिक्षकांच्या पागा थंडावल्या. घोड्यावरून सहली नेणाऱ्यांनी पाहुण्यांना काय सांगायचे हा प्रश्न होता. आणि त्या वर्षीचे लांद्समोत, जे स्कागाफ्योर्दुरमधल्या विंडहेइमामेलारच्या मैदानावर भरणार होते, ते पुढे ढकलण्यात आले.

हा शेवटचा निर्णय बाहेरच्याला साधा वाटेल. पण पैदाशीचा घोडा एका वयात आपल्या पूर्ण बहरात असतो. त्याला घडवणाऱ्या माणसाने चार-पाच वर्षे त्या एका उन्हाळ्यासाठी खपलेली असतात. मेळावा हुकला म्हणजे त्या घोड्याची परीक्षा हुकली, किंमत हुकली, कधीकधी पुढच्या पिढीत त्याचे रक्त किती जाणार तेही बदलले. एवढे असूनही मेळावा पुढे ढकलणे मला पूर्ण बरोबर वाटते. शेकडो घोडे एका मैदानात, एकाच पाण्यावर, आणि मग तेच घोडे देशाच्या कानाकोपऱ्यात परत : याहून मोठी आग त्या वेळी लावता आली नसती. शिवाय खोकणाऱ्या घोड्याला लोकांसमोर पळवणे हा त्या घोड्यावर अन्याय झाला असता.

घरचाच चोर

शोध सुरू झाला तेव्हा संशय विषाणूंवर होता. जे माहीत होते ते सगळे तपासले, एकही सापडला नाही. खोकणाऱ्या घोड्यांत सातत्याने मिळत होता तो एकच जिवाणू : स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस. इथे तपास करणारे अडखळले, आणि का अडखळले ते समजून घेण्यासारखे आहे. हा जिवाणू निरोगी घोड्यांच्या घशातही राहतो. तो घरातलाच, नेहमीचा. एखादा आजार आधीच झाला असेल तर मागून शिरून त्रास देणारा म्हणून तो ओळखला जातो. त्यामुळे खरा गुन्हेगार दुसराच असणार आणि हा फक्त उघड्या दारातून आत आलेला आहे, असे वाटणे साहजिक होते.

पण दुसरा कोणी सापडेना. निरोगी घोडे आजारी घोड्यांजवळ ठेवून पाहिले, तेही खोकू लागले, आणि पुन्हा तोच जिवाणू. तेव्हा प्रश्न बदलावा लागला. ‘हा जिवाणू आहे का?’ या प्रश्नाचा उपयोग नव्हता, कारण तो सगळीकडेच होता. विचारायला हवे होते : ‘हा नेहमीचाच आहे, की त्याच नावाने वावरणारा कोणी नवा?’

हे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळत नाही. त्यासाठी आइसलँडचे अन्न व पशुवैद्यक प्राधिकरण, केल्डुर येथील विद्यापीठाची रोगविज्ञान संस्था, इंग्लंडमधली न्यूमार्केटची ॲनिमल हेल्थ ट्रस्ट आणि केंब्रिजजवळची सँगर संस्था असे सगळे एकत्र आले. घोड्यांच्या आजारांच्या पशुवैद्यक सिग्रिदुर ब्योर्न्सदोत्तिर यांचे नाव या अभ्यासात पहिले आहे. त्यांनी 257 नमुन्यांतल्या जिवाणूंचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला. एकेका जिवाणूचा हा आराखडा साधारण 20 लाख अक्षरांचा असतो. पिढ्यान्पिढ्या देशात राहिलेल्या जिवाणूंच्या आराखड्यांत एकमेकांपासून पुष्कळ फरक साठलेले असतात, जसे एकाच आडनावाच्या पण दहा पिढ्यांपूर्वी पांगलेल्या घराण्यांत असतात. नुकताच आलेला आणि झपाट्याने पसरलेला जिवाणू मात्र कुठेही सापडला तरी जवळपास सारखाच असतो, सख्ख्या भावंडांसारखा.

तसेच दिसले. देशात या जिवाणूची अनेक जुनी घराणी नांदत होती आणि तीही आजारी घोड्यांतून मिळत होती, म्हणूनच चित्र इतके गढूळ झाले होते. पण त्या गर्दीत एक घराणे वेगळे उठून दिसले, ज्याला शास्त्रज्ञांच्या यादीत एसटी 209 असा क्रमांक आहे. साथीचा कर्ता बहुधा तोच, असा निष्कर्ष 2017 मध्ये ‘एमबायो’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका अख्ख्या देशातल्या साथीचा माग संपूर्ण जनुकवाचनाने काढण्याचा हा पहिलाच प्रयत्न, असे या अभ्यासकांनी म्हटले.

इथे एक गोष्ट जोडायला हवी. स्ट्रँगल्सचा कुप्रसिद्ध जिवाणू हा याच झूएपिडेमिकसच्या कुळातून निघालेला आहे. म्हणजे निरुपद्रवी शेजाऱ्याच्या घराण्यात गुन्हेगार जन्मणे हे या कुळाला नवे नाही. ‘हा तर नेहमीचा’ असे म्हणून नमुना बाजूला ठेवण्याची सवय पशुवैद्यकात सगळीकडे आहे, आपल्याकडेही आहे, आणि या प्रकरणाने त्या सवयीला चांगलाच धक्का दिला.

आणखी एक धक्का होता. त्याच काळात रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या एका माणसाच्या रक्तातही हाच एसटी 209 मिळाला. घोड्याचा खोकला पागेतच थांबतो असे मानून चालणार नव्हते.

पाण्यातली ट्रेडमिल

जनुकांनी गुन्हेगार दाखवला. तो कुठून फिरला हे मात्र जुन्याच पद्धतीने, माणसांना विचारून, नोंदी जुळवून कळले. कुठल्या शेतावर कधी पहिला खोकला ऐकला, त्याआधी कुठला घोडा कुठून आला होता, असे मागे मागे जाताना अनेक धागे एकाच ठिकाणी येऊन मिळाले : फेब्रुवारी 2010 मधली एक प्रशिक्षण पागा. तिथे घोड्यांना पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवत. गुडघ्या-पोटापर्यंत पाणी, खाली फिरता पट्टा. सांध्यांवर ताण न येता घोड्याची दमछाक वाढते, स्नायू भरतात. उपकरण उत्तम आहे, त्याच्यात वाईट काही नाही. पण एकामागून एक घोडे त्याच पाण्यात उतरत होते. घोडा चालताना पाणी उडते, नाकातोंडात जाते, तो फुरफुरतो, त्याच्या नाकातले पाण्यात पडते. गार, ओलसर जागेत हा जिवाणू तग धरतो. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले घोडे तिथे तयार होऊन, तंदुरुस्त दिसत आपापल्या गावी परतले, आणि दोन-चार आठवड्यांनी त्या त्या गावांत ढास सुरू झाली.

ही पागा चालवणाऱ्याला मी दोषी मानत नाही, आणि कोणी मानू नये असे वाटते. ज्या देशात घोड्यांचे मोठे संसर्गजन्य आजारच नाहीत, तिथे दोन घोड्यांमध्ये पाणी बदलायचे असते हे कोणाच्या अंगवळणी पडणार? इन्फ्लुएन्झाने पोळलेल्या युरोपातल्या पागांमध्ये नव्या घोड्याला काही आठवडे वेगळे बांधतात, बादल्या वेगळ्या ठेवतात. आइसलँडला ही शिस्त लागलीच नव्हती, कारण तिची गरजच कधी पडली नव्हती. हजार वर्षे दार बंद ठेवल्यामुळे घराच्या आत कड्या लावायचे राहून गेले.

मग तो जिवाणू दारातून आला कसा? घोडा तर येऊ शकत नाही. उरतात माणसे आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या वस्तू : खोगीर, लगाम, चामड्याचे हातमोजे, चाबूक, न धुतलेली तुमान, चिखलाचे बूट. वापरलेले खोगीर-लगाम देशात आणायला मनाई आहे, कपडे धुतलेले आणि बूट निर्जंतुक केलेले हवेत. पण चामड्याच्या शिवणीत वाळलेली लाळ विमानतळावरच्या कोणाला दिसणार? हा नियम शेवटी प्रत्येक स्वाराच्या प्रामाणिकपणावर उभा आहे.

यावर एक उपाय असा सुचवला जातो की दार थोडे उघडावे, लसी सुरू कराव्यात, म्हणजे घोडे कणखर होतील. मला हे पटत नाही. 2010 च्या साथीवर इन्फ्लुएन्झाच्या लसीने काहीच फरक पडला नसता. आणि ज्या 77,000 घोड्यांना तो रोग कधी शिवलेला नाही, त्यांच्यात तो मुद्दाम येऊ देणे म्हणजे शिंगरांचे आणि गाभण घोड्यांचे हाल विकत घेणे. दार बंदच हवे. बदल आत हवा : शिक्षकाकडून परतलेला घोडा तीन-चार आठवडे वेगळा ठेवणे, सामायिक पाणी बदलणे, आणि कुठला घोडा कधी कुठे गेला याची साधी वही ठेवणे. 2010 मध्ये पशुवैद्यांना हीच माहिती लोकांच्या आठवणीतून, महिने उलटून गेल्यावर गोळा करावी लागली.

उन्हाळा सरला तशी ढास ओसरली. घोडे माळावर मोकळे होते, वारा होता, गवत होते, आणि बहुतेक सगळे बरे झाले. पुढच्या वर्षी, 2011 च्या उन्हाळ्यात, विंडहेइमामेलारच्या मैदानावर हुकलेले लांद्समोत भरले. एक वर्षाने थोराड झालेले घोडे टोल्टमध्ये मैदानाला फेऱ्या घालू लागले, आणि मेळाव्याचे वेळापत्रक मोडायला नको म्हणून लगेच 2012 मध्ये रेक्याविकला पुढचा मेळावाही झाला.